टेपला ठेवलेला कान

मामा,

तुझी हत्यारांची पेटी घरी आली तेव्हा आतली सगळी हत्यारं पुसलेली होती. पक्कड, पाने, स्क्रू-ड्रायव्हर, सगळ्यांवरून तेलाचा बोळा फिरवलेला. मला संशय यायला लागला तो तिथूनच. तू कधी पक्कड पुसली नाहीस. जेवायला बसताना आई हात धुऊन ये म्हणायची, तर तू पँटलाच घासायचास. अशा माणसाची पेटी कुणी एवढी स्वच्छ का करावी?

आणि तुझा टेस्टर पेटीत नव्हता.

तो पेटीत नसायचाच म्हणा. तो खिशात असायचा. शुक्रवारी कुवेतमधल्या आमच्या घरी, बनेद अल-गारला, जेवायला यायचास तेव्हा इस्त्रीच्या शर्टाच्या खिशातही तो पेनासारखा अडकवलेला. "लग्नात पण तो लावूनच उभो रव," असं आई म्हणायची. "आधी बाई तरी बघ," असं तू म्हणायचास, आणि विषय तिथेच संपायचा. मग तो शर्ट कुठे आहे, त्या खिशातला टेस्टर कुठे आहे, असं मी पेटी घेऊन आलेल्या तुझ्या कंपनीच्या फोरमनला विचारलं. त्यांनी सोबत खजुराचा डबा आणला होता. फार हळू आवाजात बोलत होते.

"सिस्टर, हार्ट था," ते आईला म्हणाले. "छत पे पंप का काम कर रहा था, वहीं बैठ गया. डॉक्टर ने भी लिखा है. अभी क्या सोचने का." मग माझ्याकडे वळून, "बेटा, तुम पढ़ाई में ध्यान दो."

टेस्टरबद्दल ते काहीच बोलले नाहीत. मी पुन्हा विचारणार होते, पण माझी हिंमत झाली नाही. मला अजून मोठ्या माणसांना दुसऱ्यांदा विचारता येत नाही. कॉलेजातही हात वर करते आणि सरांनी पाहायच्या आत खाली घेते. तुला ते माहीत होतं. "आपल्या घरातला पयला कॉलेज तू, आणि बोलाची चोरी!" असं म्हणून हसायचास.

पाहुणे गेल्यावर आईने दार लावलं आणि तिथेच उभी राहिली. "हार्टाचो त्रास तेका कधीच नव्हतो," ती म्हणाली. "मी तेचो हात बघितलंय."

आई क्लिनिकात वॉर्ड हेल्पर आहे हे तू गावी सांगताना नेहमी 'नर्स' करून सांगायचास, पण तिने माणसं खरंच खूप पाहिली आहेत. तुला शेवटचं पाहताना तुझ्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळ तिला एक पांढुरका डाग दिसला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, कडेने जरा उचललेला, मध्ये खळगा. जखम म्हणावी तर रक्त नाही. विजेचा चटका असा दिसतो, हे तिने क्लिनिकात पाहिलं होतं. तिने तेव्हा कुणाला काही विचारलं नाही, कारण कागद तयार होते, विमान ठरलं होतं, आणि तुला गावी न्यायचं होतं. बाबा तुझ्याबरोबर गेले. आम्ही दोघी इथे राहिलो, तो डाग आणि ती स्वच्छ पेटी घेऊन.

मी तुला खरं सांगते, मला त्या दिवसांत सगळ्यांचा संशय यायचा. फोरमनच्या हळू आवाजाचा. खजुराच्या डब्याचा. आणि सर्वांत जास्त दत्तारामचा. तुझा इतक्या वर्षांचा खोलीतला सोबती, तुझ्याच कंपनीत, तुझ्यासारखाच इलेक्ट्रिशियन. तो भेटायला आला आणि चहा संपेपर्यंत फरशीकडे बघत बसला. आईने तुझी आठवण काढली की तो उठून गॅलरीत जायचा. रडायला जात असेल, असं आई म्हणाली. असेलही. पण मला वाटलं, रडणारा माणूस कधीतरी वर बघतो.

निघताना मी त्याला जिन्यात गाठलं. "काका, मामा ज्या पंपाचं काम करत होता तो पंप कुठे आहे?"

"अम्गराक गेलो भंगारात," तो म्हणाला. "दुसऱ्याच दिवशी नवीन बसवलो."

फार पटकन म्हणाला. जणू उत्तर तोंडात तयार ठेवलं होतं. आणि मला आठवलं, त्याच पंपासाठी तू सगळा हिवाळा रडत होतास. नवीन पंप मागितलाय, येत नाही, आज येतो, उद्या येतो. तू जिवंत होतास तोवर जो आला नाही, तो तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी कसा आला?

*

आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, मामा. त्याबद्दल आधी लिहायला हवं.

कुवेतमध्ये हीटर कशाला लागतो, असं गावी सगळे विचारतात. जानेवारीत वाळवंटावरून वारा सुटला की कळतं. तू सांगितलं होतंस, अहमदीच्या बाजूला एक जुनी व्हिला आहे, तिथे खोल्याखोल्यांत रेडिएटर आहेत, गच्चीवरच्या खोलीत बॉयलर, आणि एक पंप ते गरम पाणी सगळ्या घरातून फिरवतो. घरात एक म्हातारे आजोबा आहेत, त्यांना थंडी सोसत नाही, नाकाला ऑक्सिजनचं यंत्र लावलेलं असतं. पंपात ओल शिरली होती. ओल शिरली की वीज पंपाच्या अंगावर येते, तिथून अर्थिंगच्या तारेने जमिनीत जाते, आणि खालच्या डीबीतला, म्हणजे विजेच्या मुख्य पेटीतला, ईएलसीबी ती गळती ओळखून घराची लाईन तोडतो. तसंच व्हायला हवं. पण लाईन तुटली की आजोबांचं यंत्रही बंद पडायचं, आणि घरातून तुला फोन यायचा.

त्याच आठवड्यात आम्हाला कॉलेजात हेच शिकवलं होतं. मी जेवताना मोठ्या तोरात सांगितलं की दोन पहारेकरी असतात, अर्थिंग आणि ईएलसीबी, एक झोपला तर दुसरा जागा राहतो. आणि विचारलं, "काही लोक ट्रिप थांबवायला अर्थिंगची तार काढून ठेवतात, खरं का?"

"ठेवतत काय जण," तू म्हणालास.

"तू?"

"वाईच आमटी वाढ."

"मामा, तू ठेवतोस?"

"अगो, झुबैदी थंड होता. खा आधी. परीक्षा माझी आसा की तुझी?"

आई हसली. तू पण हसलास. मी आमटी वाढली. मला तेव्हाच वाटलं होतं की तू उत्तर टाळलंस, पण शुक्रवार होता, तू आठवड्यातून एकदा यायचास, आणि ताटातल्या झुबैदी माशाचे काटे काढून माझ्या पानात अजूनही तूच टाकायचास. कोण भांडणार?

*

दत्तारामला मी फोन केला आणि म्हटलं, मला अम्गराला घेऊन चला. तो नाही म्हणाला. मग आईने फोन घेतला आणि फक्त एवढंच म्हणाली, "दत्ता, तिका ने." पुढच्या शुक्रवारी सकाळी तो कंपनीची पिकअप घेऊन खाली उभा होता.

अम्गरा मी पहिल्यांदाच पाहिलं. नुसत्या पत्र्याच्या भिंती, आत एसी, फ्रिज, मोटारींचे ढीग, आणि जमीन तेलाने काळी झालेली. दत्तारामला कुठल्या यार्डात जायचं ते बरोबर ठाऊक होतं. तिथल्या माणसाने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बाजी को क्या चाहिए? ये लेडीज़ का बाज़ार नहीं है."

"हीटिंग का पंप. लाल वाला," दत्ताराम म्हणाला. "तांबा निकाला क्या?"

"कहाँ भाई, टाइम किसको है."

पंप एका कोपऱ्यात आडवा पडला होता. मला वाटलं होतं तो मोठा असेल. दोन्ही हातांत मावेल एवढाच होता. रंग उडालेला, बुडाशी पाण्याचा पांढरा क्षार. काढताना केबल कापली होती, तिचं वीतभर शेपूट अजून पंपाला होतं. मी खाली बसले. लाल तार, काळी तार, दोन्ही कापलेल्या. तिसरी, हिरवी-पिवळी, अर्थिंगची. ती कापलेली नव्हती. ती पंपापासून सोडवून मागे दुमडली होती, आणि तिच्या टोकावर टेप गुंडाळलेली होती.

टेपच्या शेवटाला कान होता.

मामा, आमच्या घरात तू सगळ्या टेपना कान ठेवलेत. टेप चिकटवून झाली की तिचं टोक स्वतःवरच दुमडायचं, नखाएवढं, म्हणजे पुढच्या वेळी नखाने खरवडत बसायला नको. मसाल्याच्या पिशवीवर, आईच्या औषधाच्या बाटलीवर, माझ्या प्रोजेक्टच्या वायरीवर. "सगळ्या घराक कान लावलंस," असं आई म्हणायची. आणि तू मला समजावलं होतंस: जे काम पक्कं, तिथे कान नाही. जे तात्पुरतं, तिथे कान. "कान ठेवलो काय परत येवचा आसा ह्या ध्यानात रवता. एका झटक्यात सुटाक व्हयी."

मी कितीतरी वेळ त्या कानाकडे बघत राहिले. फोरमनवर, व्हिलातल्या लोकांवर, दत्तारामवर, सगळ्यांवर माझा संशय घेऊन झाला होता. तुझ्यावर घ्यायचा राहिला होता. माझा प्रश्न तू आमटीत का बुडवलास ते आता मला कळलं होतं.

"मामाने स्वतःच काढली होती," मी म्हणाले. "तुम्हाला माहीत होतं?"

दत्तारामने तार पाहिली आणि तो मटकन एका टायरवर बसला. त्याचा चेहरा पाहून मला कळलं की त्याला हे माहीत नव्हतं. त्याच्या पोटात दुसरंच काहीतरी होतं.

"ह्या माका ठाऊक नव्हता," तो म्हणाला. मग परत म्हणाला. मग खिशातून त्याने तुझा टेस्टर काढला आणि माझ्या हातात ठेवला.

त्याने सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. तू तार काढली असशील त्यानंतरसुद्धा ईएलसीबी अधूनमधून पडत राहिला. ओल्या बॉयलरमधूनही गळती असावी. एके दिवशी तू दुसऱ्या साइटवर होतास, म्हणून दत्तारामला पाठवलं. आजोबांचं यंत्र बंद पडलं होतं, घरातल्या बाई रडकुंडीला आल्या होत्या. त्याने खालच्या डीबीत ईएलसीबीला बाजूला ठेवून लाईन डायरेक्ट केली. नवीन पंप येईपर्यंत. गच्चीवर तो गेला नाही.

"माका वाटला, वर अर्थिंग आसा. मग काय भिऊचा?" तो म्हणाला. "आणि तेका वाटला असतला, खाली ईएलसीबी आसा."

"तुम्ही मामाला सांगितलं नाहीत?"

"सांगतलंय म्हणान रवलंय. खोलीवर गेलंय तर तो निजललो. सकाळी गाडी वेगळी. मग इसारलंय." तो टायरच्या खाचेत बोट घालून ती साफ करत होता. "चेडवा, एका खोलीत रवतो आमी. एका तव्यावर भाकरी. ही एक गोष्ट सांगूक नाय."

पेटी त्यानेच पुसली होती. टेस्टर त्याला गच्चीवर, पंपाच्या शेजारी सापडला. तो पेटीत ठेवायला त्याचा हात धजेना. मी पुढचं विचारलं: मामाने पंपाचा ब्रेकर का पाडला नाही? तर तो म्हणाला, त्या डीबीत कुठला ब्रेकर कशाचा हे लिहिलेलंच नाही, एकेक पाडून बघावा लागतो, आणि त्यात आजोबांचा पडला तर. म्हणून तू टेस्टर घेऊन वर गेलास. घर पुरेसं गरम झालं की पंप आपोआप थांबतो. थांबलेल्या पंपाला तू टेस्टर लावला असशील, तो पेटला नसेल. मग तू हात घातलास, आणि घर जरा गार होऊन पंप पुन्हा सुरू झाला. हा माझा अंदाज आहे, चुकीचाही असेल. पण टेस्टर बाहेर होता, म्हणजे तू पाहिलं होतंस. आणि तू गेला होतास कशासाठी, तर तेही दत्तारामने सांगितलं. नवीन पंप येत नाही म्हणून तू वैतागला होतास. निदान पंपाच्या टर्मिनलची पेटी सुकवतो आणि तेवढं एक जोडून येतो, असं काहीतरी पुटपुटत निघालास. तेव्हा त्याला त्याचा संदर्भ लागला नव्हता.

म्हणजे तू कान ओढायला गेला होतास.

यार्डवाल्याने तोपर्यंत चहा मागवला होता. आम्हाला काय झालंय ते त्याला कळलं नाही, पण त्याने मला बसायला एका जुन्या फ्रिजचं दार आडवं करून दिलं.

चहा पिता पिता मला दुसरंच सुचलं. "काका, नवीन पंप बसवला. पण खालचं डायरेक्ट?"

दत्तारामने चहाचा ग्लास खाली ठेवला.

"अजून तसंच आहे?"

"कोण काढतलो? काढला तर विचारतले, लावल्यान कोणी."

*

आम्ही तिथूनच त्या व्हिलावर गेलो. फोरमनला न सांगता. मी कुणाच्या घरी अशी कधी गेले नव्हते आणि काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. दार उघडलं ते तिथे काम करणाऱ्या बाईने. आंध्रची होती, लक्ष्मी नाव. दत्तारामला ओळखून ती आधी घाबरली, मग तिने मला विचारलं, "उस भैया की बेटी?"

"भांजी," मी म्हणाले.

तिने माझा हात धरला. तिचा हात ओला होता. गच्ची धूत होती, अनवाणी, पाइप घेऊन. त्याच गच्चीवर.

दत्तारामने सांगितलं की डीबीत काम आहे, लाईन थोडी बंद करावी लागेल, पण आजोबांच्या यंत्राचं काय करायचं, मॅडमला विचार. लक्ष्मीने त्याच्याकडे असं पाहिलं, जणू हा माणूस काय बोलतोय.

"सिलिंडर है ना," ती म्हणाली. "लाइट जाता तो मैं सिलिंडर पे लगाती. दो मिनट का काम. पहले पूछना था ना, भैया."

मामा, तू विचारलं नव्हतंस. दत्तारामने विचारलं नव्हतं. मशीन बंद पडलं की घरातले लोक ओरडायचे, आणि तुम्ही दोघं ओरडा थांबवायला धावत होता. आत जाऊन, वहाणा काढून, त्या बाईला एक वाक्य विचारायचं तुम्हा कुणाच्या मनात आलं नाही. मी तुमच्यावर रागावले. त्या दारात उभी राहून, तू नसताना, मी तुझ्यावर इतकी रागावले की लक्ष्मीला वाटलं मी तुझ्यासाठी रडतेय.

तिने आजोबांना सिलिंडरवर लावलं. दत्तारामने लाईन बंद करून डीबी उघडला, त्याने स्वतः टाकलेला तारेचा तुकडा काढला, ईएलसीबी पुन्हा मध्ये घेतला. लाईन चालू केली. त्या छोट्या टेस्टच्या बटणावर बोट ठेवलं, आणि मग ते काढून घेतलं. "तू दाब," तो म्हणाला. "माझ्यान होवचा नाय."

मी दाबलं. खट् आवाज झाला आणि अख्खं घर बंद पडलं. दिवे, फ्रिज, कुठलातरी टीव्ही. वरून मालकीणबाईंचा अरबीत आवाज आला. मी ईएलसीबीचा खटका परत वर केला आणि घर पुन्हा सुरू झालं. इतकं सोपं होतं.

बाई जिना उतरून आल्या, रागाने. लक्ष्मीने त्यांना काहीतरी सांगितलं, बहुतेक मी कोण ते. त्या थांबल्या. मग त्यांनी गच्चीकडे बोट दाखवून मोडक्या इंग्रजीत विचारलं, आता ठीक आहे का. मला यायच्या आधीपासून वाटत होतं की ह्यांनाही सगळं माहीत असणार, हेही लपवतायत. माहीत नव्हतं. निदान मला तसं दिसलं. मी हो म्हणाले. आणि ह्या वेळी माझा आवाज लहान नव्हता.

*

फोरमनला दत्तारामने दुसऱ्या दिवशी सगळं सांगितलं. ते पुन्हा म्हणाले की डॉक्टरांनी हार्ट लिहिलंय. त्यांना किती माहीत होतं, नवीन पंप इतक्या चटकन कुठून आला, ह्याची उत्तरं मला मिळालेली नाहीत, आणि माझा संशय गेलेला नाही. तो मी तसाच ठेवणार आहे. दत्ताराम आता सुट्टीच्या दिवशी जुन्या साइटवर फिरतो. कुठे त्याचं डायरेक्ट राहिलंय, कुठे तुझा कान राहिलाय, ते बघतो. दोन ठिकाणी मीही गेले. लोक विचारतात ही कोण, तर तो सांगतो, "आमची इंजिनीयर." तुझाच शब्द. मी त्याला म्हटलं, मी हे सगळं लिहितेय, तुमचं नाव नको घालायला. तो म्हणाला, "घाल. नायतर परत कोणतरी कोणाक सांगाचो नाय."

पण ह्या सगळ्याच्या आधी, त्याच शुक्रवारी, आईला सांगायचं होतं. तिला फक्त एवढंच हवं होतं की भावाची चूक नव्हती. मी व्हिलावरून परतले तेव्हा ती भाजी निवडत होती. केबलचं ते शेपूट मी यार्डवाल्याकडून कापून आणलं होतं. वाटभर ठरवत होते की तिला दत्तारामचं सांगायचं आणि तुझं गाळायचं. ती कधी अम्गराला जाणार नव्हती, तिला कधी कळलं नसतं. मग मला जिन्यातला दत्ताराम आठवला, फरशीकडे बघणारा. मी तार तिच्यासमोर, मेथीच्या जुडीशेजारी ठेवली.

तिला काही सांगावं लागलं नाही. तिने कान पाहिला. त्याला बोट लावलं, जसं ती तुझ्या कपाळाला लावायची.

"ह्या तेचाच काम," ती म्हणाली.

"हो."

"आणि डाग ह्येच्यामुळे."

"ह्याच्यामुळे आणि अजून एका गोष्टीमुळे. सांगते."

मी सगळं सांगितलं. शेवटी तिने विचारलं, "पण तो परत गेल्लो मा? जोडूक?"

"गेला होता, आई."

मग तिने डाव्या हाताने तार धरली, उजव्या हाताच्या चिमटीत कान पकडला आणि ओढला. टेप एका झटक्यात सुटली, जशी तू म्हणायचास. आतलं तांबं अजून चकचकीत होतं.